जुन्या दुनळी बंदुकीची पारख: अस्सलपणा कुठे शिल्लक राहतो आणि दुरुस्ती कुठे थांबवावी

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या नावावरची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाने घरात आली आहे. बाहेर दोन घोडे, नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या आर. बी. रॉडा कंपनीचे नाव, लायसन्सवर ‘डीबीबीएल’ (दुनळी, मागून भरायची) एवढीच नोंद. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ती ‘नवी करून’ दिली: नळ्या काळ्याभोर, लोखंडी भाग आरशासारखा, दस्त्यावर जाड चकाकी. दुकानदाराच्या मते ती अस्सल इंग्लिश, दमास्कस नळीची आहे. तिच्यात अस्सल किती उरले आहे, आणि आता पुन्हा काम करून घ्यावे का?

चमकणारा भाग तुम्हाला फक्त शेवटच्या कारागिराची ओळख देतो. पहिल्या कारागिराचे काम बघायचे तर जागा ठरलेल्या आहेत: फोरएंडखाली (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी भागाखाली) झाकलेली नळी, नळ्यांच्या बुडाचा सपाट भाग, लॉकच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, पत्र्याची आतली बाजू, दस्त्याच्या टोकाच्या बटप्लेटखालचे लाकूड. पॉलिश करणारा तिथे सहसा पोचत नाही, पोचला तरी घाईत असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत न करता आतून बाहेर करावी.

काम लायसन्सधारकाच्या समोर आणि बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करूनच. घोडे अर्धे चढवल्याशिवाय बंदूक उघडत नसेल तर जोर लावू नका. १८६७ च्या सुमारास स्टँटनच्या पेटंटने आपोआप मागे सरणारे घोडे आले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही काही साध्या लॉकमध्ये घोडा पूर्ण खाली असताना टोचणी (काडतुसावर आदळणारी पिन) पुढे आलेली राहते, आणि तशीच बंदूक उघडली तर टोचणी वाकते किंवा तुटते. रिकाम्या नळीवर घोडे आपटून ‘कट्’ आवाज ऐकण्याची हौसही टाळा. फोरएंड काढा, लिव्हर फिरवा, आकडा (नळ्यांखालचा, बिजागरीच्या पिनेत अडकणारा लोखंडी हुक) सोडवून नळ्या उतरवा. इतकेच. स्वतः एकही स्क्रू फिरवायचा नाही; लॉक आणि बटप्लेट गनस्मिथकडून उघडून घ्या. जवळ टॉर्च, दहापट भिंग, व्हर्नियर, सिगारेटचा पातळ कागद, मऊ सुती कापड आणि वही असली की पुरे.

पट्टीवरच्या नावाने भारावून जाऊ नये. रॉडा ही कलकत्त्याची विक्रेती कंपनी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगाली क्रांतिकारकांनी जिची माउझर पिस्तुले पळवली तीच ही. तिच्या नावाच्या बंदुका प्रामुख्याने बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनत आणि नाव कोरून इकडे येत. मुंबईत दुकान असलेल्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीच्या बंदुकांचेही तसेच. तेव्हा ‘रॉडाची आहे’ हे बंदूक कुणी विकली याचे उत्तर झाले. कुणी बनवली ते शोधायला वेब्ली, डब्ल्यू. अँड सी. स्कॉट यांच्यासारख्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या खुणा, पेटंट क्रमांक आणि कारागिरांची आद्याक्षरे बघावी लागतात. ती नळ्यांच्या बुडाशी आणि लॉकच्या आत सापडतात. लॉकच्या आत ब्रेझियर किंवा चिल्टन हे नाव दिसले तर ते लॉक बनवणाऱ्याचे समजा. वुल्व्हरहॅम्प्टनचे हे कारागीर अनेक बंदूककारांना लॉक पुरवत.

मँटन नावाबद्दल एक जोडून सांगतो, कारण घराघरांत ‘आमच्याकडे मँटन आहे’ असे ऐकू येते. लंडनचा जोसेफ मँटन १८३५ मध्ये वारला. त्याच्या काळात बंदुका तोंडाकडून ठासायच्या असत. मागून काडतूस भरायच्या बंदुकीवर ‘जो मँटन, लंडन’ असेल तर ते नाव मागाहून, गिऱ्हाइकाला भुलवायला टाकलेले. ‘मँटन अँड कंपनी, कलकत्ता’ मात्र खरी पेढी, त्याच्या मुलाने सुरू केलेली. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नावही सावधपणे घ्या; वेस्टली रिचर्ड्सचा भास व्हावा म्हणून बेल्जियमच्या स्वस्त बंदुकांवर ते भरपूर कोरले गेले. शंका फिटायला नळ्या उलट्या करून बघणे पुरते. अंडाकृती चौकटीत ई.एल.जी. ही अक्षरे असतील तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाऊसमधून (जादा दाबाचा बार काढून नळ्या तपासणाऱ्या अधिकृत संस्थेतून) गेली आहे, वर काहीही लिहिलेले असो. मुंगेरच्या जुन्या कारखान्यांतल्या दुनळ्यांवरही इंग्लिश नावे आढळतात. तिथे स्पेलिंगच्या चुका आणि ब्रिटिश प्रूफ खुणांचा अभाव लगेच नजरेत भरतो.

आता प्रूफच्या खुणा. सगळ्या तपासणीत सर्वात जास्त वेळ इथे द्या, कारण पॉलिश झालेल्या बंदुकीतही हीच कागदपत्रे उरतात. नळ्यांच्या बुडाचा सपाट भाग कापडाने पुसा, टॉर्च एका बाजूने आडवा धरा आणि प्रत्येक खूण वहीत जशीच्या तशी काढा.

बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची स्थापना १८१३ ची. तिथपासून १९०४ पर्यंत दोन मुख्य खुणा: मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत बी.पी.सी. ही अक्षरे, आणि तसेच राजदंड पण व्ही अक्षर. १९०४ नंतर राजदंड गेले; मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही. आणि बंदुकीच्या बिनधुराच्या (नायट्रो) दारूसाठी मुकुटाखाली एन.पी. अशी साधी अक्षरे आली. लंडनच्या बंदुकीवर मुकुटाखाली गुंतलेली जी.पी. ही अक्षरे आणि मुकुटाखाली व्ही असते. तिथली नायट्रो प्रूफची खूण म्हणजे वाकडी तलवार धरलेला हात आणि खाली एन.पी.

या खुणांच्या मधल्या आकड्यांतून काळ आणखी आवळता येतो. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द असतील तर नळी १८७५ ते १८८७ मधली आणि चोक केलेली, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद. १८८७ पासून त्याऐवजी ‘चोक’ हा शब्द आणि चौकोनी हिऱ्यासारख्या चौकटीत १२ व सी, म्हणजे बारा बोअरचे चेंबर (काडतूस बसते ती जागा). ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द पूर्ण लिहिलेले असतील तर १८९६ नंतरचे. इंचात चेंबरची लांबी, जसे २½, ही १९२५ नंतर येते. ‘३ टन’ अशी दाबाची खूण आणि .७२९ असा दशांशातला बोअर हे १९५४ च्या नियमांचे. समजा तुमच्या नळीवर राजदंड आहेत, हिऱ्यातला १२ सी आहे आणि ‘नायट्रो प्रूफ’ नाही. मग नळ्या १८८७ ते १९०४ मधल्या, आणि त्या काळ्या दारूसाठीच तपासलेल्या. पुढचे बरेच निर्णय या एका वाचनावर ठरतात.

अ‍ॅक्शनच्या (नळ्या ज्याला जोडतात त्या मधल्या लोखंडी भागाच्या) सपाट भागावरही प्रूफच्या खुणा असतात. त्या नळ्यांच्या खुणांच्याच काळातल्या हव्यात. अ‍ॅक्शनवर राजदंड आणि नळ्यांवर १९०४ नंतरची अक्षरे दिसली तर नळ्या बदललेल्या आहेत. ती फसवणूक असेलच असे नाही. बनवणाऱ्याकडूनच नव्या नळ्या घातल्या गेल्या असतील तर क्रमांक तोच, अक्षरांचा साचाही तोच असतो. म्हणून लगेच क्रमांक जुळवा: ट्रिगर गार्डची दस्त्याकडे जाणारी शेपटी, अ‍ॅक्शन, नळ्यांचे बुड किंवा आकडा, आणि फोरएंडचे लोखंड. चारही ठिकाणी एकच क्रमांक, एकाच हाताचे अंक हवेत. फोरएंडचा क्रमांक वेगळा निघणे फार सापडते, कारण फोरएंड हरवतो आणि दुसरा घासून बसवला जातो. लायसन्सच्या वहीतला क्रमांकही याच वेळी ताडून बघा. कारकुनाने कधी पेटंट क्रमांक, तर कधी कारखान्याचा छोटा आकडा उतरवलेला असतो. चूक दिसली तर लायसन्स देणाऱ्या कार्यालयात नोंद दुरुस्त करून घ्या, बंदुकीवरचा अंक ‘नीट’ करायला जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे ओळखीची खूण पुसणे किंवा बदलणे हाच गुन्हा आहे.

पट्टीवर किंवा लिव्हरवर सोन्याने ‘१’ किंवा ‘२’ कोरलेले असेल तर ती जोडीतली एक. संस्थानिकांच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या जोड्या वाटण्यांत फुटल्या, एक बंदूक एका भावाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. चुलत घरात विचारून बघण्यासारखे आहे.

यंत्रणेशीही काळ ताडून पाहावा. हेन्री जोन्सची खालची फिरती लिव्हर १८५९ ची, पर्डीचा दुहेरी खालचा बोल्ट १८६३ चा, स्कॉटची वरची लिव्हर १८६५ ची, अँसन आणि डीली यांचा बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आत असलेली यंत्रणा, १८७५ चा. या तारखांच्या आधीची बंदूक असल्याचा दावा आणि ही यंत्रणा एकत्र असू शकत नाही. उलट बाजूने मात्र अनुमान काढू नका. घोड्यांच्या बंदुका विसाव्या शतकातही बनत राहिल्या, त्यामुळे बाहेर घोडे आहेत म्हणजे फार जुनी, हे खरे नाही.

नळ्यांकडे येऊ. काळ्याभोर, सारख्या, चकचकीत रंगाने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. इंग्लिश दुनळीच्या पट्ट्या शिसे आणि कथलाच्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात. म्हणून तिथे रंग हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून आणला जाई. त्या पद्धतीत उष्णता पाण्याच्या उकळबिंदूपलीकडे जात नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी त्याऐवजी कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या टाकीत नळ्या बुडवल्या जातात. साधारण १४० अंशांवरचा तो तीव्र क्षार डाख खातो, पट्टीखालच्या पोकळीत शिरतो आणि तिथेच राहतो. वर्षा-दोन वर्षांत पट्टीच्या कडेने पांढरट पूड किंवा तांबूस रेघ उमटते. पट्टी सुटेपर्यंत आतून नळी कुरतडलेली असते, आणि ते बाहेरून कळत नाही.

ओळखायचे असे. आकड्याला दोरी बांधून नळ्या अधांतरी लटकवा आणि बोटाच्या पेराने किंवा लाकडी पेन्सिलने हलकेच ठोका. डाख धडधाकट असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. सुटलेला असेल तर ठस्स आवाज. मग पट्टीच्या दोन्ही कडांना पातळ तेलाची रेघ ओढा, पुसा, नळ्या अर्धा तास उन्हात ठेवा. कुठे तेल परत पाझरून वर आले तर तिथे फट आहे. रंगाचीही परीक्षा होते: कॉस्टिकचा काळा रंग आकड्याच्या आतल्या कोपऱ्यांत, एक्स्ट्रॅक्टरवर (काडतूस मागे ढकलणाऱ्या भागावर), प्रूफच्या खुणांच्या तळाशीही सारखाच चढलेला असतो. मूळ कामात बुडाचा सपाट भाग आणि एक्स्ट्रॅक्टर असे काळे केलेले नसतात.

दमास्कसचा दावा याच ठिकाणी तपासता येतो. खरी दमास्कस नळी लोखंड आणि पोलादाच्या पिळलेल्या सळ्या साच्याभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून बनते. नक्षी धातूच्या आत असते, वर काढलेली नसते. फोरएंडखाली आणि बुडाच्या सपाट भागावर ती तशीच पुढे जाते, वेटोळे पूर्ण होते आणि हुबेहूब पुनरावृत्ती होत नाही. साध्या पोलादावर आम्लाने किंवा छाप्याने काढलेली नक्षी फोरएंडच्या कडेशी थांबते आणि ठरावीक अंतराने तीच तीच येते. तुमच्या नळीवर काळ्या थराखाली काहीच दिसत नसेल, तर गनस्मिथकडून फोरएंडखालच्या, नखाएवढ्या जागेचा रंग काढून फेरिक क्लोराईडच्या सौम्य द्रावाचा एक थेंब लावून घ्या. खरी असेल तर मिनिटभरात वळणे उमटतात. एवढी जागा पुढे कुणाला दिसत नाही आणि त्यासाठी सगळी नळी घासावी लागत नाही.

दमास्कस म्हणजे कमकुवत हा समज सरसकट खरा नाही. १८८८ च्या बर्मिंगहॅमच्या चाचण्यांत चांगल्या इंग्लिश पिळाच्या नळ्या पोलादी नळ्यांच्या बरोबरीने टिकल्या. तुमच्या बंदुकीला धोका आहे तो नंतरच्या शंभर वर्षांतल्या गंजाचा, आतून केलेल्या घासणीचा आणि चुकीच्या काडतुसाचा.

आतली घासणी मापात पकडता येते. नळीवर नुसता ‘१३’ असेल तर प्रूफच्या वेळी तिच्यात .७१० इंचाची, म्हणजे १८.०३ मिलिमीटरची गेज गेली आणि पुढची .७१९ ची, म्हणजे १८.२६ मिलिमीटरची गेली नाही. ‘१३/१’ म्हणजे .७१९, ‘१२’ म्हणजे .७२९ किंवा १८.५२ मिलिमीटर, ‘१२/१’ म्हणजे .७४० किंवा १८.८० मिलिमीटर. माप बुडापासून ९ इंचांवर घ्यायचे, बोअर गेजने. तोंडाशी व्हर्नियर लावून मिळालेला आकडा चोकचा असतो, तो इथे चालत नाही. आज माप पुढच्या पायरीला पोचले असेल तर खड्डे काढायला नळी आतून घासली गेली आहे आणि मूळ प्रूफ आता लागू नाही. बोअरपेक्षाही महत्त्वाची आहे भिंतीची जाडी. तिचे गेज वेगळे असते आणि ते सर्वांकडे नसते. ज्याच्याकडे आहे त्यालाच नळ्या दाखवा. चांगल्या नव्या नळीत सर्वात पातळ जागी साधारण २५ ते ३० थाउ, म्हणजे इंचाचे हजारांश, जाडी ठेवलेली असते. २० थाउच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेली नळी भिंतीवर शोभेला ठेवावी.

चेंबरची लांबीही मोजून घ्या. या काळातल्या बहुतेक बारा बोअर बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचे. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात खुशाल बसते, कारण न उडवलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असते. उडताना ते उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. म्हणूनच कित्येकांनी चेंबर आतून वाढवून घेतले. वाढवलेल्या चेंबरच्या टोकाची पायरी ताजी, गुळगुळीत दिसते, आणि नेमकी त्या जागची भिंत पातळ झालेली असते.

नळ्या कापलेल्या आहेत का, हे तोंडाशी कळते. मूळ तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना जवळजवळ टेकतात, पट्टी निमुळती होत तिथे संपते आणि माशी (नेम धरायचा मणी) त्या टोकाच्या प्रमाणात बसलेली असते. कापलेल्या नळीत मध्ये फट राहते, ती शिशाने भरलेली दिसते, चोक दोन्हीकडे नाहीसा झालेला असतो. मूळ लांबी बहुधा २८ किंवा ३० इंच. २६¾ सारखे विचित्र माप आले की तोंड भिंगाखाली घ्या. बुडापासून तीनेक इंचांवर नळीभोवती केसाएवढी गोल रेघ दिसली तर नळ्या ‘स्लीव्ह’ केलेल्या आहेत, म्हणजे जुन्या बुडात नव्या नळ्या. ब्रिटनमध्ये झालेल्या अशा कामावर ‘स्लीव्ह्ड’ हा शब्द आणि नवे प्रूफ असते. ते प्रामाणिक काम आहे, फक्त किंमत मूळ नळीची देऊ नये.

अ‍ॅक्शन घट्ट आहे का ते बघायला फोरएंड काढून, बंदूक बंद करून, नळ्या डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. मग बुड आणि अ‍ॅक्शनच्या भिंतीमध्ये सिगारेटचा कागद धरून बंद करा. दोन्ही नळ्यांवर कागद सारखा अडकला पाहिजे. सैल बंदूक दुरुस्त झालेली असेल तर ती कशी झाली हे आकड्याच्या अर्धगोलात दिसते. बिजागरीची पिन बदललेली किंवा आकड्यावर नीट भर घालून घासलेली असेल तर पृष्ठ सलग दिसते. छिन्नीचे घाव घालून धातू ‘फुगवलेला’ असेल किंवा पितळेची पातळ पट्टी कोंबलेली असेल, तर शंभरेक बारांत ती पुन्हा सैल होते, आणि मधल्या काळात झीज चुकीच्या जागी झालेली असते.

पॉलिशने काय गेले ते कोरीव कामात वाचा. मूळ वेलबुट्टीच्या रेषांचे काठ वापराने मऊ झालेले असतात, तळ काळपट असतो. बफ लावल्यावर उथळ रेषा संपतात, खोल तेवढ्या उरतात, म्हणून पानांना देठ असतो पण शिरा नसतात. अक्षरांचे एक अंग पुसट होते. स्क्रूच्या भोवतीची जागा वाटीसारखी खोलगट होते, लॉकच्या पत्र्याच्या धारदार कडा गोल होतात. इंग्लिश कामात स्क्रूच्या खाचा केसासारख्या बारीक आणि सगळ्या नळीच्या दिशेत असतात. रुंद, फाटलेल्या आणि वाटेल त्या दिशेच्या खाचा दिसल्या की आत कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने जाऊन आलेले आहे. दोन्ही घोडे आरशातल्यासारखे एकमेकांचे प्रतिबिंब हवेत, चढवल्यावर सारख्या उंचीचे हवेत. एकावरची नक्षी जाड वाटली तर तो बदललेला.

अ‍ॅक्शनवर मूळ रंगीत कठिणीकरण असे. हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात तापवून पाण्यात विझवले की निळे-तपकिरी-करडे ढग उमटत. हाताच्या घामाने ते उडतात, पण वरच्या लिव्हरखाली, अ‍ॅक्शनच्या सपाट भागावर आणि घोड्यांच्या मुळाशी त्यांचा अंश राहतो. अख्ख्या अ‍ॅक्शनवर ताजे, झगझगीत, पट्ट्यापट्ट्यांचे निळे-जांभळे रंग असतील तर ते गॅसच्या ज्वालेने आणलेले. तसले रंग स्पिरिटच्या दोन-चार पुसण्यांत फिके पडतात, आणि अशा तापवण्याने अ‍ॅक्शनच्या कठीण थराचीही हानी होऊ शकते. तुमच्या बंदुकीसारखी आरशासारखी अ‍ॅक्शन असेल तर रंग गेलेलाच आहे. तो परत आणायचा आग्रह धरू नका.

दस्ता मूळचा अक्रोडाचा असणार. इथे बदललेला दस्ता बहुधा शिसवीचा किंवा शिसमाचा असतो: रेषा लालसर-काळ्या, पोत घट्ट, आणि बंदूक हातात घेताच मागे जड वाटते. अडीच इंची चेंबरची घोड्यांची बारा बोअर ३ ते ३.२ किलोच्या आसपास असावी. त्याहून दीडदोनशे ग्रॅम जास्त भरली तर दस्त्याकडे बोट दाखवा. लाकूड मूळचेच असेल तर ते किती घासले गेले हे धातूच्या कडेशी कळते. मूळ कामात लाकूड धातूच्या पातळीत किंवा केसभर वर असते. धातू वर आणि लाकूड खाली गेले असेल तर पॉलिश पेपर फिरला आहे. मुठीवरची जाळीही बघा. जुनी इंग्लिश जाळी सपाट माथ्याची असते. टोकदार, बोटांना टोचणारी आणि किनारीची रेघ ओलांडलेली जाळी पुन्हा कापलेली. वरची चकाकी कशाची आहे हे बटप्लेटजवळ कापसाच्या बोळ्याने ठरवा. स्पिरिटने चिकट झाली तर लाखेचे पॉलिश. थिनरने विरघळली तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन. मूळ फिनिश जवसाच्या तेलाचे, लाकडात मुरलेले, वर थर नसलेले.

लॉकच्या मागे लाकडाचे डोके काळेकुट्ट, स्पंजासारखे झाले असेल तर ती पिढ्यान्‌पिढ्यांची अति तेल घालण्याची सवय. तिथून बारीक तडे लॉकच्या पत्र्याच्या मागच्या टोकाकडून सुरू होतात. असे लाकूड तासून टाकू नये. बारीक खडूची पूड आणि अ‍ॅसिटोनचा लगदा लावून रात्रभर ठेवला की तो तेल ओढून घेतो. चार-पाच वेळा करावे लागते. हवा खेळती ठेवा, आसपास ज्योत नको. मग पातळ एपॉक्सीने तडे बांधता येतात.

तर काम करावे का? यावर माझे मत ठाम आहे. नुकसान थांबवणारे काम जरूर करावे, रूप बदलणारे काम करू नये. पट्ट्या सुटल्या असतील तर त्या पूर्ण काढून, आतला क्षार धुऊन, नळ्यांच्या आतल्या अंगाचे खड्डे तपासून पुन्हा डाख लावून घ्या. तुमच्या बंदुकीत हेच पहिले आणि कदाचित एकमेव मोठे काम ठरेल. पट्ट्या निघाल्याच आहेत म्हणून दमास्कसची तपकिरी नक्षी हळू गंजाच्या पद्धतीने परत आणायला हरकत नाही, कारण काळा कॉस्टिक थर मूळचा नाहीच. मात्र नळी हाताने, लांबीच्या दिशेत, लाकडी ठोकळ्यावर कागद लावून साफ करावी. यांत्रिक चाक लावले की पट्टीची कड आणि प्रूफच्या खुणा दोन्ही जातात. दस्त्यावरचा थर रसायनाने काढून जवसाचे तेल तळहाताने, थेंबाथेंबाने, आठवडे घेऊन मुरवावे. अ‍ॅक्शन आहे तशी करडी होऊ द्यावी. कोरीव काम पुन्हा कापू नये. आणि ‘नायट्रो प्रूफ’ची खूण नसेल, भिंत मोजलेली नसेल, तोवर आजचे कोणतेही काडतूस तिच्यातून उडवू नये, हौसेने एकदाही नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. जुनी आहे म्हणून लायसन्स लागत नाही हे चूक आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशाच शस्त्राला आहे, आणि तुमची बंदूक त्यात बसत नाही. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा ‘इंग्लंडला पाठवून करून आणू’ हा बेत आखण्याआधी चौकशी करा.

गंजावर वाळूचा कागद नाही: रॉकेलमध्ये भिजवलेली अतिबारीक, चार शून्यांची स्टील वुल आणि धीर. पावसाळ्यात चामड्याच्या किंवा लोकरी अस्तराच्या पिशवीत बंदूक ठेवू नका, दोन्ही दमट हवा धरून ठेवतात. तेलाचा पातळ हात, कपाटात सिलिका जेल, जून ते सप्टेंबर दर महिन्याला एकदा पुसणे. ठेवताना नळ्यांचे तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही.

लायसन्सधारक गनस्मिथकडे देण्याआधी प्रूफच्या खुणांचे, चारही क्रमांकांचे आणि पट्टीवरच्या अक्षरांचे बाजूच्या उजेडात फोटो काढा. कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या: बफ नाही, कॉस्टिक ब्लूइंग नाही, आतून घासणी नाही, चेंबरला हात नाही, आणि स्क्रू, टोचणी, स्प्रिंग, लाकडाचा तुकडा यांपैकी जे काही बदलाल ते जुने परत द्या. ती जुनी टोचणी आणि तो झिजलेला स्क्रू एका डबीत, बंदुकीच्या कागदांबरोबर ठेवा.